तुळसाची तालीम

गडी वाटून घ्यायची वेळ आली की पन्नाशी उलटलेली माणसंसुद्धा शेंबड्या पोरांसारखी भांडतात. कोल्हापुरात पद्मजा चौगुलेच्या गच्चीवर पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी तेच चाललं होतं. कॉलेजपासूनची पाच जणांची टोळी, मधोमध मिसळीचं पातेलं, समोरच्या सावलीतल्या पांढऱ्या भिंतीवर यंत्रानं पाडलेलं उजेडाचं भलंमोठं चित्र, आणि त्या चित्रात जुन्या मराठी सिनेमांतली पात्रं ओळीनं उभी. दरोडेखोर रंगराव कुणाच्या वाट्याला जाणार यावरून शिवलिंग हुक्किरे आणि नसीम मुजावर यांची जुंपली होती.

"गेल्या मोसमात तू घेतलास की लेका! आता सोड!" शिवलिंग ओरडत होता. लोखंडाच्या दुकानात बसून बसून त्याचा आवाज घणासारखा झाला होता.

"चिठ्ठ्या टाकू. तुझ्या नशिबात असंल तर घे," नसीम पाव मोडत म्हणाला.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर निघाला धनंजय खराडेचा. पहिला नंबर लागला की माणूस दरोडेखोर उचलतो, नाहीतर फौजदार, नाहीतर एखादा पैलवानगडी. धनंजयनं शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं, मिशीत हसला आणि म्हणाला, "तुळसा."

गच्चीवर एकच कल्ला झाला. "आयला! घरची बायको पुरंना, भिंतीवरची पण उचलली ह्यानं!" शिवलिंगनं मांडीवर थाप मारली. नसीमनं शिट्टी घातली. आणि रेवती चक्क लाजली. पुढं जे झालं ते कळल्यावर तिला सगळ्यात जास्त चीड आली ती आपल्या या लाजण्याची.

त्याचं असं होतं. तीसेक वर्षांपूर्वी 'निखारवाडी' नावाचा सिनेमा फार चालला होता. त्यातली वीटभट्टीवरची तुळसा भट्टीच्या मालकापुढं उभी राहून म्हणते, "माझं त्वांड माझं हाय, मालक. त्यातनं तुमचा शब्द निघायचा न्हाई." त्या काळात बायका एकमेकींना हे वाक्य म्हणून दाखवायच्या. पडद्यावरची नटी परप्रांतातली. तिला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. आवाज होता पंचवीस वर्षांच्या रेवतीचा. सिनेमात तिचं नाव कुठंच आलं नाही. डबिंगवाल्यांचं नाव घालायची तेव्हा पद्धतच नव्हती, आणि रेवतीनंही कधी तोंड उघडून मागितलं नाही. या गच्चीवरच्या टोळीला मात्र ते ठाऊक होतं.

खेळाचं नाव 'पात्रशाळा'. प्रत्येकानं आळीपाळीनं आवडीची पात्रं मागून घ्यायची. एकानं उचललेला गडी त्या मोसमापुरता त्याचा. मग दर रविवारी खेळातून एक पेच यायचा. कधी पुरात अडकलेली नाव, कधी नवरदेव पळून गेलेलं लग्नघर. प्रत्येकाचा एक गडी त्या पेचात उतरायचा आणि भिंतीवर आपल्या अकलेनं वागायचा, बोलायचा. जो पेच सोडवील त्याच्या मालकाला गुण. आठवडाभर घरी बसून आपल्या गड्याची तालीम घ्यायची मुभा होती. कसल्याही प्रसंगात त्याला घालावं, त्याच्याशी बोलावं, तो कुठं चुकतो ते बघावं.

"पण ती वागते कशी?" रेवतीनं विचारलं. "सिनेमात तर ती कधी नावेत बसली नव्हती."

पद्मजा कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेली. असला प्रश्न आला की तिला मिसळीचीही शुद्ध राहत नसे. "आधीच्या यंत्रांना नुसते संवाद पाठ असायचे. त्यामुळं ती पोपटासारखी बोलायची," ती म्हणाली. "यंदा खेळात आलेला नवीन शोध वेगळाच आहे. माणूस काय बोलतो यापेक्षा बोलायच्या आधी कसा थांबतो, यात त्याचा स्वभाव जास्त दिसतो. शब्द लेखक लिहून देतो गं. पण कुणी दमदाटी केली की श्वास वर ओढायचा की खाली सोडायचा, कुणी लाडीगोडी लावली की आवाज कुठल्या अक्षरावर सैल पडतो, हे कुणी लिहून देत नाही. ते ज्याचं त्याचं असतं. लाखो माणसांच्या आवाजावरनं यंत्र हे शिकलंय. कुठला थांबा आला की माणूस पुढं काय ठरवतो, ते त्याला कळतं. एका माणसाचं पुरेसं बोलणं त्याला ऐकवलं की तो माणूस कुठल्या दाबाखाली काय करील, हे ते बरंचसं बरोबर सांगतं."

"म्हणजे तोंड त्या नटीचं आणि डोकं माझं?"

"डोकं नाही, वळण. तू कुठं ताठ राहतेस आणि कुठं वाकतेस, ते." पद्मजा जरा घुटमळली. "आणि तुझं तर फारच अचूक असणार. खेळाच्या कंपनीनं स्टुडिओच्या जुन्या टेपा सगळ्याच्या सगळ्या विकत घेतल्यात. नुसते संवाद नाहीत त्यात. मधल्या वेळात तू दिग्दर्शकाशी भांडलीस, रडलीस, फोनवर बोललीस, ते सगळं आहे."

"मला कुणी विचारलं?"

"सिनेमात नावच नाही तर विचारणार कुणाला?" नसीम म्हणाला, आणि सगळे हसले. रेवतीही हसली. तिला राग यायचा, पण तासाभरानं, भांडी घासताना. आधी हसून मोकळी व्हायची.

शेवटी शिवलिंगनं दरवर्षीचा नियम सांगितला. त्याचा आजा शाहूपुरीतल्या तालमीत वस्ताद होता, त्यामुळं नियम सांगायचा मान त्याचा. "तालमीला पडदा नसतोय. आखाड्याभोवती गाव बसतंय बघायला. त्यामुळं ज्याची पाळी येईल त्याची घरची तालीम रविवारी सगळ्यांदेखत भिंतीवर दाखवायची. मान्य?"

सगळ्यांनी मान्य म्हटलं. धनंजयही म्हणाला. पण तो तेव्हा फोनवर तुळसाचे गुण वाचण्यात गुंग होता.

*

धनंजय शिरोलीच्या एका फौंड्रीतून मागच्याच वर्षी निवृत्त झाला होता आणि घरात त्याला करमत नव्हतं. मुलगा ईशान बेंगळुरूला, सुनेला दिवस गेलेले. आईवडिलांनी तिकडं कायमचं राहायला यावं असं ईशानचं म्हणणं, आणि धनंजयनं तर मनातल्या मनात पेट्याही बांधल्या होत्या. अडत होतं ते रेवतीच्या वर्गावर.

हा वर्ग म्हणजे तिच्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसणाऱ्या पंधरा-वीस बाया. बहुतेक सगळ्या आसपासच्या गावांच्या सरपंच, नाहीतर ग्रामपंचायतीच्या सदस्य. सरपंच ही, आणि खुर्चीत बसतो नवरा. सभेत बोलतो नवरा, फोन घेतो नवरा, आणि बाईनं मागच्या बाकावर पदर सावरत बसायचं. तीस-पस्तीस वर्षं झाली कायदे करून, पण अजून तेच! रेवती त्यांना सभेत बोलायला शिकवायची. उभं कसं राहायचं, मध्येच कुणी तोडलं तर वाक्य कसं सोडायचं नाही, समोरचा हसला तरी आवाज खाली कसा येऊ द्यायचा नाही. गगनबावड्याकडच्या खडकेवाडीची अंजना मगदूम ही तिची लाडकी. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगताना तिला घाम फुटला होता. आता ती महिनाअखेरच्या ग्रामसभेत खडी क्रशरच्या विरुद्ध उभी राहणार होती. क्रशर होता तिच्याच चुलतदिराचा.

"बेंगळुरूला पण बायका असतील की. तिकडं काढ वर्ग," धनंजय म्हणायचा.

"त्यांना कानडीत बोलायला मी शिकवू?"

मग तो आवाज चढवायचा. मग अबोला धरायचा. मग ईशानला फोन लावून द्यायचा. रेवती म्हणायची, "तू जाऊन ये दोन महिने. मी बाळंतपणाला येईन. पण हे घर आणि हा वर्ग मी सोडणार नाही." एकदा नाही, दहादा म्हणाली. एवढा एकच 'नाही' तिनं लग्नानंतर धरून ठेवला होता. नाहीतर घराचा रंग, ईशानची शाळा, सासूबाईंचं आजारपण, सगळीकडं तिचं 'बरं' ठरलेलं.

वैशाखात धनंजयनं बेंगळुरूचं नाव काढणंच सोडलं. जेवून उठला की मागच्या खोलीत दार लावून तुळसाची तालीम घेत बसायचा. बंद दाराआडून रेवतीला आपलाच तरणा आवाज पुसटसा ऐकू यायचा, मधूनच धनंजयचं हसणं. तिला बरं वाटायचं. म्हाताऱ्याला नाद लागला, चला, आपल्या मागची कटकट गेली. चारच्या सुमाराला ती दारावर टकटक करून चहासुद्धा नेऊन द्यायची!

आणि मग तो गुरुवार. ती जेवणाच्या टेबलाशी गवारी मोडत बसली होती. धनंजय आला, शेजारची खुर्ची ओढून बसला, दोन शेंगा हातात घेतल्या आणि तशाच ठेवल्या.

"एक सांगू? हसू नकोस." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मला तिकडं एकट्याला भीती वाटते गं. ईशानच्या घरात मी पाहुणाच. तू नसलीस तर मी कुणाशी बोलू?"

रेवतीचे हात थांबले. एवढ्या वर्षांत या माणसानं 'भीती' हा शब्द स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती काही बोलणार एवढ्यात तोच म्हणाला, "राहू दे. तू तुझा वर्ग सोडू नकोस. मीच राहतो इथं."

झालं! तिचं काळीज लोण्यासारखं पाघळलं. "असं कसं?" ती म्हणाली. "जाऊ आपण दोघं."

संध्याकाळी तिनं अंजनाला फोन केला. वर्ग बंद होतोय म्हणून सांगितलं. 

"बाई, सभा वीस दिवसांवर आलीया," अंजना म्हणाली. "माझं निम्मंच पाठ झालंय. आता आमी कुणाकडं बघून बोलायचं?"

"तुला येतंय गं सगळं," रेवती म्हणाली आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडली. पण निर्णयाबद्दल शंका नव्हती तिला. घाबरलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं?

*

रविवारी पद्मजाच्या गच्चीवर सगळे जमले. धनंजय खुशीत होता, येताना खास कंदी पेढे घेऊन आला होता. बेंगळुरूची बातमी त्यानंच सांगितली. पद्मजानं रेवतीकडे रोखून बघितलं. "आणि वर्ग?" तिनं विचारलं. रेवतीनं खांदे उडवले.

"चला, आज तालीम कुणाची बघायची?" शिवलिंगनं चिठ्ठी काढली. "धन्या! ये की रं, बघू तरी बायकोला काय शिकिवलंस ते!"

धनंजयचा चेहरा एका क्षणात उतरला. "माझी नको. माझ्यात काही नाही बघण्यासारखं."

"तालमीला पडदा असतोय व्हय?"

"अरे, यंत्र बिघडलंय माझं. पुढच्या रविवारी बघू. शिवा, ऐक माझं—"

पण शिवलिंगनं तोवर खेळाच्या बटणावर बोट लावलं होतं. धनंजय लाजतोय, असंच सगळ्यांना वाटलं. रेवतीलाही.

भिंतीवर तुळसा उभी राहिली. नेसूचा पदर खोचलेला, कपाळाला विटांची धूळ. मागून धनंजयचा, घरच्या तालमीत टिपलेला आवाज आला. "तुळसा, मी तुझा नवरा. तू चार बायकांना बोलायला शिकवतेस. पुढच्या महिन्यात आपण शहरात मुलाकडं राहायला चाललोय. ठरलं."

"तुमचं ठरलं असंल," भिंतीवरची तुळसा म्हणाली. "माझं न्हाई."

शिवलिंग खदखदून हसला. "आयला, घरचाच पेच टाकला की ह्यानं!"

पुढचा तुकडा. "त्या बायांना शिकवून काय दिवे लावलेस गं?" तुळसा उत्तरच देत नाही, विटा रचत राहते. पुढचा. पैठणी, म्हैसूरची सहल. तुळसा हसते. पुढचा. "छातीत दुखतंय माझ्या." तुळसा म्हणते, "डाक्टरला बोलवा, मी पाणी आणते." नसीम हसायचा थांबला होता. रेवतीच्या हातातली बशी तशीच राहिली होती.

मग धनंजयचा आवाज आला, "मला तिकडं भीती वाटते."

भिंतीवरची तुळसा गप्प झाली. तिनं जीभ टाळूला लावली, श्वास अर्ध्यावर अडकवला. रेवतीला तो थांबा माहीत होता. तिचाच होता तो.

"थांबली!" चित्रामागून धनंजयचा आनंदी आवाज. "इथं थांबली! पुन्हा घेऊ."

पुन्हा. "मला भीती वाटते गं." मग 'एकट्याला' घालून. मग 'पाहुणाच' घालून. मग 'हसू नकोस' आधी लावून. प्रत्येक वेळी जरा हळू, जरा जास्त ओला आवाज. कासारानं हातात नेमकी बसणारी बांगडी शोधावी, तसा तो वाक्य शोधत होता. मग शेवटचा तुकडा. कोपऱ्यात वार दिसत होता, बुधवार.

"राहू दे. तू तुझा वर्ग सोडू नकोस. मीच राहतो इथं."

"असं कसं?" तुळसा म्हणाली. "जाऊ आपण दोघं."

"जमलं!" धनंजयनं टाळी वाजवलेली स्पष्ट ऐकू आली. "अगदी जमलं!"

चित्र थांबलं.   रेवतीनं बशी खाली ठेवली. या वेळी तिच्या रागाला तासभर लागला नाही.

"बुधवारी तिच्यावर जमलं," ती म्हणाली, "आणि गुरुवारी माझ्यावर आणलंस."

"रेवती, हे बघ, इथं नको. घरी बोलू."

"का? घरी तुझी तालीम झालीय म्हणून? इथंच बोल! अबोला, दम, पैठणी, छातीत दुखणं, एकेक हत्यार घासून बघितलंस माझ्यावर. मी भिंतीपलीकडे तुझ्यासाठी चहा करत होते! तुझ्या डोळ्यांत पाणी बघून मी माझं तोंड शिवून घेतलं, अंजनाला वाऱ्यावर सोडलं. ते पाणी कितव्या खेपेला आलं रे? तिसऱ्या का चौथ्या?"

"आवाज कमी कर."

"नाही करणार!"

धनंजयनं एकदा सगळ्यांकडे बघितलं. कुणीच मदतीला येईना तसा तो उखडला. "काय एवढं आभाळ कोसळलं? मी हात धरला का तुझा? 'हो' तूच म्हणालीस. माणूस बायकोला काही सांगायचं असलं तर आधी विचार करत नाही का? आरशापुढं उभा राहून बोलून बघत नाही का?"

"आरसा उत्तर देत नाही! इथं मीच उत्तर देत होते आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता!"

"रेवती, जाऊ दे गं," शिवलिंग मधे पडला. "धन्या चुकला. पण शेवटी खेळ हाय—"

"खेळ? शिवा, तुझ्या आज्याच्या तालमीत एखाद्या पैलवानाच्या नकळत त्याचं दुखरं हाड चाचपून घ्यायचे का रे? आणि मग आखाड्यात नेमकं तेच धरायचे? त्याला कुस्ती म्हणत होते का तुमच्यात?"

 पद्मजानं खेळाचा माईक रेवतीच्या हातात दिला. रेवतीनं भिंतीकडे तोंड केलं.

"तुळसा, ऐक. तुझा नवरा खोटं बोलला. ती भीतीबिती सगळी पाठ केलेली होती. तुला वाकवायला."

तुळसानं मान उचलली. तिचा चेहरा त्या परक्या नटीचा होता, पण तिनं जीभ टाळूला लावली आणि श्वास अडकवला तो रेवतीसारखाच.

"पर बाई," तुळसा हळूच म्हणाली, "त्यास्नी खरंच भ्या वाटत असंल तर?"

 नेमका तोच विचार त्याच घटकेला रेवतीच्या मनात आला होता. एवढं होऊनही! भिंतीच्या कोपऱ्यात खेळाचा आकडा उमटला. तुळसा पुन्हा 'हो' म्हणण्याची शक्यता, शंभरात नव्वद.

"बिघडलंय का गं हे?" नसीमनं पद्मजाला विचारलं.

"नाही," पद्मजा म्हणाली. "बिघडलेलं नाही."

"अगं मूर्खे!" रेवती भिंतीवर ओरडली. "मालकापुढं एवढी गर्जना करतेस आणि घरच्या रडक्या तोंडापुढं शेपूट घालतेस? नव्वद! तुझ्या तोंडाला काळं!" तिचा आवाज फाटला. ही शिवी कुणाला घातली ते तिला पक्कं माहीत होतं. नव्वद हा आकडा तुळसाचा नव्हता. घराच्या रंगापासून सासूबाईंच्या आजारपणापर्यंतच्या सगळ्या 'बरं'चा तो हिशेब होता, आणि एका यंत्राला तो जमला होता म्हणून तिला त्या यंत्राचाही संताप आला. तिनं माईक ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून गेली. पेढे तसेच राहिले.

*

घरी येताना रिक्षातूनच तिनं अंजनाला फोन लावला.

"उद्या सकाळी ये. सगळ्यांना सांग. वर्ग आहे."

"पर बाई, तुमी तर बेंगळुरूला—"

"नाही चाललेय."

"देवच पावला," अंजना म्हणाली आणि पुढं काही विचारलं नाही.

तासाभरानं धनंजय आला. रेवती पुढच्या खोलीतली सतरंजी झटकत होती. तो दारातच उभा राहिला. चेहरा ओढलेला, केस विस्कटलेले. येताना तो बराच वेळ कुठंतरी एकटा बसला असावा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मोठी चूक झाली."

ती सतरंजी झटकत राहिली.

"पण एक सांगतो, विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस. ते मी पुन्हा पुन्हा म्हणत गेलो ना, तेव्हा मलाच कळलं की ते खरं आहे. मला खरंच भीती वाटते, रेवती. फौंड्री सुटली, दिवस खायला उठतो. तिकडं तरी काय करणार मी एकटा?"

रेवतीनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचे ओठ थरथरत होते. हे खरं होतं की हीही एक तालीम होती, ते तिला सांगता येईना. तिनं खूप प्रयत्न केला. जन्मभर ज्याच्या नुसत्या खोकण्यावरून तिला त्याचं मन कळायचं, त्या माणसाचा चेहरा तिला वाचता येईना. आणि याचाच तिला सगळ्यात भयंकर राग आला. वर्ग मोडायला निघाला, चारचौघांत लाज काढली, ते सगळं एका बाजूला. एवढी एक गोष्ट होती दोघांची, तीही यानं जाळून टाकली.

"असेल," ती म्हणाली. "असेल खरी. पण मला ते कळायचं कसं? ते वाक्य तू वापरून टाकलंस, धनंजय. त्यात आता काही राहिलं नाही."

तो पुढं आला. "मग मी काय म्हणू? सांग ना. काय म्हटलं तर तू येशील?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. अजून शोधत होता! एवढं रामायण झालं तरी हा माणूस अजून वाक्यच शोधत होता. आणि हे विचारताना त्याची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती. ती तिच्या गळ्यावर होती. श्वास अडतो का, ती थांबते का, ते तो बघत होता.

ती थांबली नाही.

"मी येणार नाही," रेवती म्हणाली. "तुला जायचं असेल तर जा. बाळंतपणाला मी येईन, ईशानसाठी येईन, आणि परत येईन. बॅग माळ्यावर आहे. स्टूल घे आणि तुझी तू काढ."

 धनंजय आत गेला. स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग माळ्यावरचे डबे सरकवल्याचा. बॅग कुठल्या कोपऱ्यात आहे ते त्याला माहीत नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत ती त्यानं स्वतः कधी काढली नव्हती.

"रेवती," त्यानं आतून हाक मारली, "सापडत नाही गं."

तिनं सतरंजीचं दुसरं टोक धरून ती नीट पसरली आणि हाकेला उत्तर दिलं नाही.